देवी आत आली की नाही

पुण्याहून अखबार लिहिण्याचे काम मी पंचवीस वर्षे केले. धनी फौजेबरोबर दूर मुलखात असत. शहरात काय घडले ते दर तिसऱ्या दिवशी लिहून जासुदाच्या हाती द्यायचे, एवढीच चाकरी. ज्या वृद्ध कारकुनाच्या हाताखाली मी शिकलो, त्याचा नियम एकच होता. डोळ्यांनी पाहिले ते तसेच लिहावे; दुसऱ्याकडून कळले ते, कोणी सांगितले हे लिहून मग लिहावे; आणि आपल्याला काय वाटले ते घरी बायकोला सांगावे.

बातम्या गोळा करून झाल्या की दुपारी मी कसब्यातल्या एका तांबटाच्या ओट्यावर बसत असे. त्याच वेळी तेथे दोघे जण येत. एक जोशीबुवा, कसब्यातल्या लोकांना मुहूर्त काढून देणारे. दुसरे वैद्यबुवा, नाडी उत्तम पाहणारे आणि देवाविषयी शंका काढणारे. दोघांचे वय सारखे, भांडण तीस वर्षांचे. आळीत सकाळपासून हातोडे चालत, त्यामुळे बोलणे दोन ठोक्यांच्या मध्ये बसवावे लागे. याचा फायदा असा की कोणाला लांबण लावता येत नसे. हातोडे थांबले की दोघेही सैलावत आणि वाद बिघडे.

देव नैवेद्य खात नाही तर दाखवायचा कशाला, यावर त्यांचे चार दिवस गेले होते. तांबट सहसा मध्ये पडत नसे, आणि तसेही चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी त्याला कमी ऐकू येई. पाचव्या दिवशी हातातला हंडा फिरवून बघत तो म्हणाला, “जावई जेवून आला असला तरी आपण पाट मांडतोच की.” त्यावर वैद्यबुवांनी विषय बदलला.

नवा विषय खोटे बोलण्याचा होता. हडपसरच्या एका माळ्याला तापात मरणाची भीती बसली होती. नाडी क्षीण असताना वैद्यबुवांनी त्याला ती उत्तम असल्याचे सांगितले, आणि तो उठून बसला. वैद्यबुवांच्या मते हा धर्मच होता. जोशीबुवांना ते मान्य नव्हते. खोटे ते खोटे, रोगी वाचला तर तो वाचण्याचा योग होता, खोट्याला त्याचे श्रेय नाही. “उद्या मी म्हणेन, यजमानाला बरे वाटावे म्हणून मुहूर्त थोडा पुढे सरकवला,” असे ते म्हणाले. हा वाद चालू असतानाच आळीतल्या देवीचे ठरले.

आळीच्या टोकाला तांबटांनी वर्गणी काढून एक घुमटी बांधली होती. तीत बसवायचा देवीचा पितळी मुखवटा आमच्या तांबटाने स्वतः ठोकून घडवला. मार्गशीर्षातला एक दिवस ठरला. सूर्योदयानंतर नऊ घटिका होताच प्राणप्रतिष्ठा करायची होती. मंत्र म्हणायला भटजी होते; वेळ पाहण्याचे काम जोशीबुवांचे.

वेळ पाहण्याची रीत अशी. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची. पाणी भोकातून हळूहळू आत शिरते, वाटी भरते आणि बुडते. एकदा बुडाली की एक घटिका झाली. लगेच ती काढायची, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि शेजारच्या खांबावर कुंकवाचे बोट लावायचे. वाटी आपण होऊन तळाशी जाते, पण वर येत नाही. म्हणून जोशाने तिच्यावरून नजर काढायची नाही. जोशीबुवा या बाबतीत एवढे कडक होते की घंगाळापाशी बसले असता शिंकणाऱ्याकडेही ते वळून पाहत नसत.

त्या दिवशी सूर्य उगवताना स्वच्छ दिसला आणि थोड्याच वेळात आभाळ भरून आले. सावली पडेना. म्हणजे वेळेला आता वाटीखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. वैद्यबुवा आणि मी जोशीबुवांच्या शेजारी बसलो होतो. सनई वाजत होती. खांबावर सहा बोटे लागली होती.

वैद्यबुवांनी विचारले, “देवी नऊ घटिकांनी येणार. सध्या कुठे आहे?”

“सर्वत्र,” जोशीबुवा वाटीकडे बघत म्हणाले.

“सर्वत्र आहे तर येणार कुठून?”

“जमिनीत पाणी सगळीकडे आहे, वैद्यबुवा. तरी विहीर खणावी लागते.”

“खणायला मुहूर्त लागतो, हे कबूल. पाणी मुहूर्त बघून लागते, असे कुठे पाहिलेत?”

येथे जोशीबुवा संपूर्ण अंगाने वैद्यबुवांकडे वळले. त्यांनी दिलेले उत्तर चांगले होते. विहिरीवरून ते झऱ्यावर गेले, झऱ्यावरून भगीरथावर. वैद्यबुवांनी भगीरथाच्या मुहूर्ताची चौकशी केली. जोशीबुवांनी तिचेही उत्तर दिले आणि विजयी मुद्रेने घंगाळाकडे पाहिले. वाटी तळाशी होती. पाणी अगदी स्थिर होते.

ती केव्हा बुडाली हे तिघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. चार पळे झाली असतील, किंवा अर्धी घटिकाही झाली असेल. जोशीबुवांनी वाटी काढली, रिकामी केली, पुन्हा सोडली आणि खांबावर सातवे बोट लावले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी घंगाळाकडे पाहिले.

पुढच्या दोन घटिका त्यांनी पापणी लवू दिली नाही. नववी वाटी बुडताच त्यांनी हात वर केला, भटजींनी सोन्याच्या सळईने देवीचे डोळे उघडले, आणि आळीने जयजयकार केला. तांबटाच्या बायकोने पहिली ओटी भरली. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि दिवस भरले होते. मुलगी सुखरूप मोकळी होऊ दे, असा नवस ती मोठ्याने बोलली. नवऱ्याशी बोलून बोलून तिला मोठ्यानेच बोलायची सवय होती. जोशीबुवा तेथून निघाले ते शिधा न घेता. तांदूळ, डाळ, तूप, गूळ असे भरलेले सूप खांबाशी तसेच राहिले. शिधा सोडून जाणारे जोशी आळीने पाहिले नव्हते. वेळेवर नजर ठेवून बुवा थकले असावेत, असे लोक म्हणाले.

त्यानंतर चार दिवस ते ओट्यावर आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते पंचांग समोर घेऊन बसले होते, पण ते मिटलेले होते.

त्यांची अडचण त्यांनी नीट मांडली. वेळ चुकली असेल तर देवी आत आली नाही. आली नसेल तर घुमटीत नुसते पितळ आहे. मग ती बाई नवस बोलली तो कोणापुढे? हे तिला सांगावे, तर लेक आज-उद्या बाळंत होणार, आईचा धीर सुटेल. न सांगावे, तर आळीतली साठ घरे पितळेपुढे हात जोडत राहतील आणि त्याला कारण आपण. शेवटी ते म्हणाले की, निदान बाळंतपण होईपर्यंत गप्प राहणे हाच धर्म दिसतो.

वैद्यबुवा हे ऐकून खूश होतील असे मला वाटले होते. तसे झाले नाही.

“तुम्ही माझ्या बाजूला आलात, त्यामुळे मला तुमच्या बाजूला जावे लागते,” ते म्हणाले. “बुवा, मी रोग्याशी खोटे बोलतो ते नाडी पाहिल्यावर. खरे काय ते मला ठाऊक असते, आणि त्याचा भार मी घेतो. तुम्हाला खरे ठाऊकच नाही. देवी आली असेल, नसेल. ज्याला खरे माहीत नाही त्याने खोटे बोलू नये. तो अधिकार फक्त जाणकाराचा.”

जोशीबुवांनी मला विचारले, “तुम्ही धन्याला काय लिहिलेत?”

मी सांगितले. तांबटांच्या आळीत देवीची प्रतिष्ठा झाली. वेळ, जोशी सांगतात त्याप्रमाणे, नऊ घटिका दिवस.

“जोशी सांगतात त्याप्रमाणे.”

“होय.”

“तुम्ही तर शेजारी बसला होता.”

“शेजारी होतो. वाटी बुडताना मी पाहिली नाही. म्हणून आपल्या हवाल्याने लिहिले.”

“कागद गेला?”

“जासूद काल निघाला.”

ते उठले. खुंटीवरची पगडी घेतली, डोक्यावर ठेवली, सरळ केली. “माझे खोटे आता शंभर कोस चालत निघाले आहे,” ते म्हणाले, “आणि मी घरात बसून धर्म ठरवतो आहे. चला.”

तांबट घागरीचा गळा ठोकत होता. जोशीबुवांनी त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तांबटाने कानामागे हात धरला. त्यांनी थोडे मोठ्याने सांगितले. तांबट म्हणाला, “काय चुकली? वाट?” अखेर जोशीबुवा उभे राहिले आणि सगळ्या हातोड्यांच्या वर आवाज काढून म्हणाले, “सातवी घटिका माझ्या हातून चुकली. देवी आत आली की नाही, मला माहीत नाही.”

आळीतले हातोडे एकामागून एक थांबले. एकांतात सांगण्याचा बेत होता. तो असा साठ घरांना कळला.

तांबटाने हातोडी खाली ठेवली. तो रागावला नव्हता, पण त्याला हसूही येत नव्हते. वाटीच्या भोकाचे काही बिघडले होते का, एवढेच त्याने विचारले, कारण वाटी त्याच्या वडिलांनी घडवली होती. जोशीबुवा म्हणाले, वाटी निर्दोष आहे. मग तांबट म्हणाला, “आमच्या दुकानी गिऱ्हाईक ठरल्या वेळी आलं आणि आम्ही अजून जेवत असलो, तर ते ओट्यावर थांबतं. देवी काय निघून जाईल होय?”

हे बऱ्याच जणांना पटले. तांबटाच्या बायकोला पटले नाही. ती दारातून पुढे आली. “माझी पोर आत कळा देतीय. थांबलीय का गेलीय, ते मला नक्की कळायला हवं. कौल लावा.”

या लोकांचे वाडवडील कोकणातले. देवाला प्रश्न विचारायचा तर मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओली फुले चिकटवायची. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार, ही त्यांची चाल. सगळी आळी घुमटीपाशी गेली. तांबटाने फुले लावली. देवी, तू आत आली असशील तर उजवे दे, नसशील तर डावे दे, असे त्याने मागणे घातले.

तेवढ्यात वैद्यबुवांना शंका आली. ती त्यांनी बोलून दाखवली. कौल द्यायचा तर देणारी आत हवी. आत कोणी नसेल तर ‘नाही’ म्हणणार कोण? लोक जोशीबुवांकडे पाहू लागले. जोशीबुवा विचार करू लागले. ते बोलणार, तोच डावे फूल पडले.

तांबटाची बायको फुलाकडे पाहत राहिली. मग ती म्हणाली, “परवा उधारीवाला आला तेव्हा आमच्या ह्यांनी आतून सांगितलं, मी घरात नाही. तो तासभर हसत होता.” तिने पदर सावरला, देवीला नमस्कार केला आणि लेकीकडे निघून गेली. त्यानंतर जे हसू सुटले ते आळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. दिवस मावळायच्या आत मुलगी बाळंत झाली. मुलगी झाली; दोघी सुखरूप होत्या.

आळीच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. जोशीबुवांच्या दृष्टीने संपले नाही. कौलाचा अर्थ लोकांनी काहीही लावावा, आपली घटिका चुकली ती चुकलीच, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आठ दिवसांनंतरचा दुसरा मुहूर्त काढला. दक्षिणा नको, शिधा नको, फक्त घंगाळ आणि पाणी द्या, असे ते तांबटाला सांगून आले. तांबटांना त्याची गरज वाटत नव्हती, पण बुवांना आहे हे त्यांना दिसत होते. त्यांनी घंगाळ घासून दिले. वैद्यबुवांना निरोप आला, की आपण त्या दिवशी आळीच्या दुसऱ्या टोकाला बसावे. ते तेथे बसले.

आभाळ निरभ्र होते. जोशीबुवांनी वाटीबरोबर सावलीही पाहिली. दोन्ही जुळले. वेळ झाली, त्यांनी हात वर केला, विधी पार पडला. मी तो स्वतः पाहिला आणि त्या वेळेला कोणाचा हवाला न देता लिहिले.

सगळे उरकल्यावर वैद्यबुवांना सोडण्यात आले. ते तावातावाने आले. आठ दिवस साठवलेला मुद्दा त्यांच्याजवळ होता.

“बुवा, आता एक सांगा. देवी आज आत आली म्हणता. मग नवस पावली ती कोण? आणि हे बारा दिवस मी रोज सकाळी इथून जाताना नमस्कार केला, तो कोणाला पोचला?”

जोशीबुवा घंगाळातले पाणी ओतून देत होते. ते थांबले आणि सावकाश वैद्यबुवांकडे वळले.

“तुम्ही रोज नमस्कार करत होता?”

वैद्यबुवांनी येरवड्याला एक रोगी वाट पाहत असल्याचे सांगितले आणि ते नदीच्या दिशेने निघून गेले. जोशीबुवा पुन्हा खाली बसले. तांबटाला त्यांनी विचारले, त्या दिवशीचा शिधा अजून शिल्लक आहे का. निदान गूळ तरी.