वय माहीत नसलेल्या माणसांचे टोले

“शमुवेल, थांबव आधी! अरे, गेलं तरी कोण?”

पाळकसाहेब चर्चच्या पायरीवरून ओरडत होते आणि आत शमूभाऊ घंटेचा दोर ओढत होता. डावा कान घंटेनं खाल्लेला, उजवा त्याच्या मर्जीनं चालणारा. त्या सकाळी दोन्ही बंद होते. आमच्या बडनेऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीत रीत अशी की चर्चच्या मंडळीतलं माणूस गेलं की त्याच्या वयाच्या वर्षागणिक एक टोला. लोक चुलीपाशी बसून बोटं मोजत. तीस ओलांडले की तरण्यांच्या बायका श्वास सोडत. त्या दिवशी टोले सत्तरच्या पुढे गेले तेव्हा तिघा म्हाताऱ्यांनी स्वतःची नाडी चाचपली. नव्वद झाले तशी अख्खी वस्ती दाराशी जमली, कारण नव्वदीचं मंडळीत कोणी नव्हतंच. शंभराव्या टोल्याला अकोल्याहून येणारी पॅसेंजर सिग्नलला थांबली आणि ड्रायव्हरनं टोपी काढली. खोटं वाटलं तर निम्मं धरा, पण गाडी थांबली होती.

गेली होती माझी माय. आणि आम्ही बौद्ध.

हे सगळं आत्ता वर आलं कारण शमूभाऊच गेला, परवा सव्वा महिना झाला. जेवून, पान लावून, खाटेवर कलंडला तो उठलाच नाही. असं मरण मिळणार असेल तर मीही रांगेत उभा आहे… पण त्याच्यासारखं जगायचीही तयारी पाहिजे. मिशनच्या बोर्डिंगच्या ओट्यावर कोणी तरी टोपलीत ठेवून गेलेलं ते पोर. जन्मतारीख नाही, आईबाप नाहीत, भूक तेवढी भरपूर. माझी माय तिथे स्वयंपाकीण होती. तिची भाकर बैलगाडीच्या चाकाएवढी. शमू ती दोन वेळा खाई आणि तिसऱ्यांदा आमच्या घरी येई. मला सख्खा भाऊ नव्हता. माझ्या वाटणीचं अर्धं खाऊन त्यानं ती उणीव भरून काढली.

पुढे तो चर्चची घंटा सांभाळू लागला आणि मी सायकलचं दुकान टाकलं. त्या दुकानात, पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यापाशी बसून, आम्ही चाळीस वर्षं नरकावर भांडलो. मी म्हणायचो, आमच्यात आत्माच नाही बावा, मग तुम्ही आगीत टाकणार काय, माझा लेंगा? तो हसायचा नाही. त्याचा खरंच विश्वास होता. माझ्या नावानं रोज प्रार्थना करायचा आणि वर मलाच येऊन सांगायचा, “तुह्या वाटची बी मीच करून राहिलो, मन्या. तू निस्त्या पंक्चर काढ.” मी वाचावं म्हणून झटणारा माणूस मला त्याच्याशिवाय दुसरा भेटला नाही, डॉक्टर धरूनसुद्धा.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा मात्र त्याची बोलती बंद झाली. तिला स्वर्गाचं दार उघडणार की नाही, हे त्यानं पाळकसाहेबांना जाऊन विचारलं होतं. नगरकडचा तरणा माणूस तो, खोटं न बोलणारा. म्हणाला, नाही म्हणताना मला वाईट वाटतं, पण दार एकच आहे. शमूभाऊ आठ दिवस नीट जेवला नाही. त्याच्या बाबतीत ही भूकंपाएवढी बातमी होती.

तर त्या सकाळी, कोण गेलं ते कळल्यावर, पाळकसाहेब आत आले. त्यांचंही काही चुकत नव्हतं. कपाशी गेलेली, गावोगाव माणसं फवारणीचं औषध पीत होती, आणि हा पाळक सायकलवरून कोणत्याही जातीधर्माच्या दाराशी जाऊन बसत होता. ते म्हणाले, “आज हिच्यासाठी वाजवलीस. आजूबाजूला रोज कोणी तरी जातंय. सगळ्यांसाठी वाजवशील?”

“हात पुरले असते तं वाजवली असती.”

“ते दार मी बांधलेलं नाही, शमुवेल. ते तिच्यासाठी उघडत नाही, तर हे टोले पोचणार कुठे?”

शमूभाऊनं दोर सोडला नाही. “भुकेल्याले कोनं जेऊ घातलं, याच्यावर निवाडा होईन, हे तुमीच सांगता ना? मी भुकेला होतो. तिनं घातलं. आता तिले आगीत टाकनारा देव न्यायी हाय, हे मले पटवून द्या. मी दोर सोडतो.”

 पाळकसाहेबांनी वेगळंच विचारलं, “वय किती होतं बाईंचं?”

“कोनाले माईत? म्हनून थांबलो नाई.”

त्यापायी त्याची घंटा काढून घेतली. तीन रविवार दुसऱ्यांनी वाजवली, ती अशी की लोकांना वाटलं कुल्फीवाला आला. चौथ्या रविवारी पाळकसाहेब स्वतः किल्ली घेऊन त्याच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. शमूभाऊनं मात्र आमच्याकडून मायच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी मागून नेली आणि दोराला, हात धरतो तिथं, गुंडाळली.

ती पट्टी अजून तिथेच आहे, तेलाघामानं काळी. शमूभाऊला नेलं त्या दिवशी पाळकसाहेबांनी दोर माझ्या हातात दिला. त्यांचे केस आता पांढरे झालेत. शमूभाऊचंही वय कोणाला माहीत नव्हतं. मी ओढत राहिलो. साठ टोल्यांच्या पुढे खांदा बोलायला लागला, तसं मी त्यांना विचारलं, साहेब, मी तर तुमच्यातला नाही, माझ्या हातचे टोले वर पोचतील का?

ते घंटेकडे बघत होते.

“तुमच्या आईंचे पोचले,” ते म्हणाले. “ओढा.”