कांद्याच्या रंगाची रेसगाडी

चार कंपनीवाले एका शेडमध्ये जमले की काम किती होतं ते विचारू नका राव, पण किस्से मात्र लेथखाली चुरा साचतो तसे साचत जातात. झाडून काढावेत तर दुसऱ्या दिवशी परत तेवढेच! आमच्या गाडीचे तर इतके साचलेत की आता सांगून मोकळं झालेलं बरं.

मी चाकणला वेल्डिंग शॉपमध्ये. पहिली शिफ्ट करून तळवड्याला मेव्हण्याच्या शेडमध्ये जायचो. तिथं आमचे म्होरके गायकवाड काका. चौतीस वर्षं कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते. लोकांनी बनवलेल्या लाखो गाड्या तपासल्या, पण स्वतःची एकही बनवली नाही, ही त्यांची खंत. रिटायर झाल्यावर एक जुनी हॅचबॅक आणली आणि म्हणाले, "हिला सहा तासांच्या शर्यतीत पळवायची. जिंकायचं नाही, फक्त झेंडा पडेपर्यंत चालती ठेवायची!"

पहिल्या वर्षी गाडी पाचव्या तासाला तापून बंद पडली. टेम्पोत घालून दिघीला काकांच्या घरी आणली, तर काकू दारातच उभ्या.

"अजून एक वर्ष देते," काकू म्हणाल्या. "पूर्ण पळून आली तर अंगणात राहील. नाहीतर मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारीन!"

आणि काकू बोलल्या म्हणजे बोलल्या. काकांचा चेहरा असा उतरला की मला माझाच राग आला. इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरचा ब्रॅकेट मीच वेल्ड केला होता ना!

*

आमचा मुख्य ड्रायव्हर सोपान. चाकणजवळच्या गावचा गडी, पोटापाण्याला कंपनीची बस चालवतो. चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून रोज वेळेवर बस काढणारा माणूस म्हणजे काय चीज असेल बघा! गाडीतून आम्ही सीटा, पत्रे, काचा, वायरी, जे वजन दिसेल ते काढत होतो. हॉर्न काढला तेव्हा मात्र सोपान आडवा आला.

"आन मंग म्होरच्याला बाजूला कसं करायचं?"

"शर्यतीत हॉर्न नसतो रे भावा."

"न्हाई? मंग समदी येकमेकाला सांगत्यात तरी कशी?"

सरावाला काकांनी ड्रायव्हरशी बोलायचा रेडिओ कानाला लावला आणि ताडकन काढला. आतून सारखा आवाज येत होता, "ए सरक! ए पांढऱ्या, बाजूला व्हय! आंधळा हायस काय रं?" पूर्ण वीस मिनिटं! सोपान गाडी लावून उतरला तेव्हा घसा बसलेला. म्हणाला, "काका, हॉर्न बसवा राव. माणूस किती वरडंल?"

*

रंगावरून तर महाभारत झालं. काकांना पांढरा हवा होता, कारण पांढऱ्यावर दोष लगेच दिसतो. रंगाचं काम सुषमाकडे. ती लातूरची, कंपनीत पेंट शॉपला. तिनं कमरेवर हात ठेवले.

"सर, जन्मभर नुसते डागच बघायलाव. आता जरा गाडी बघा की!"

दुसऱ्या दिवशी ती चाकणच्या बाजारातून एक कांदा घेऊन आली. वरचं साल गुलाबी, खाली जांभळं, उन्हात धरला की चमकतो. म्हणाली, हाच रंग. काकांनी कांदा फिरवून फिरवून बघितला आणि त्यांनाही पटला! सुषमानं तो शेल्फवर ठेवला, रंग जुळवत डावी बाजू मारली आणि घरी गेली.

आता कबूल करतो. मला त्या दिवशी कडकडून भूक लागली होती. डब्यात पिठलं-भाकरी, आणि कांद्याशिवाय पिठलं कसं खाणार? मी बुक्की मारून फोडला.

सकाळी काका शेल्फपुढे उभे. "मास्टर सँपल कुठाय?" मी शेल्फखालची साल उचलून दाखवली. काका खुर्चीतच बसले. "चौतीस वर्षांत सँपल हरवलेलं पाहिलं, तुटलेलं पाहिलं. खाल्लेलं पहिल्यांदा बघतोय!"

मग आम्ही पोतंभर कांदे आणले, एकेक निवडला, तरी तसा काही मिळाला नाही. उजवी बाजू जरा जास्तच जांभळी झाली. मी सुषमाची माफी मागायला गेलो, तर ती ब्रश धूत होती.

"राहू दे भाऊ. दोन्ही बाजू एकदम कोण बघतंय?"

*

गाडी तापते का, तर हवा नीट आत जात नाही. मग हवा जाते कुठे? काकांनी कुठंतरी वाचलं होतं की गाडीवर लोकरीचे तुकडे चिकटवायचे, गाडी पळवायची आणि बाजूनं फोटो काढायचे. धागा जिकडे उडेल तिकडे हवा. काका घरून लाल लोकर घेऊन आले, आम्ही शंभरेक तुकडे चिकटवले. गुरुवारी आमच्या भागात कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून एका ओळखीच्या कंपनीच्या आवारातल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी काढली.

गेटवरचा वॉचमन धावत आला. गाडीभर लाल धागे बघून हात जोडले आणि म्हणाला, "नवरदेव मागून येतोय का?"

पण फोटोवरून कळलं! बंपरखालून हवा बाहेरच पळत होती. मी पत्र्याची वाट करून ती रेडिएटरवर वळवली. काका खुशीत घरी गेले आणि काकूंना फोटो दाखवायची चूक केली. काकूंनी मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा केला, परत मोठा केला.

"ही नातवाच्या स्वेटरची लोकर. अर्धा विणून झाला होता!"

"अगं, पण हवा कुठून जाते ते कळलं ना."

"हो का? थंडीत पोराला कुठून लागेल तेही लिहून ठेवा!"

*

शर्यत दक्षिणेत. ट्रॅकवर आदल्या दिवशी गाडीची तपासणी असते. तिथले साहेब आले, सीटचे पट्टे ओढून बघितले, ड्रायव्हरभोवतीचा पाइपांचा पिंजरा ठोकून बघितला आणि स्टिकर लावला. पास! मी हुश्श केलं, तोच काका पुढे झाले.

"साहेब, तुम्ही ब्रेकची नळी बघितलीच नाही."

साहेब म्हणाले, गाडी पास आहे. काका म्हणाले, "तुम्ही केली. मी नाही केली!"

अहो, देव आणि साहेब दोघं पावले होते, आणि हा माणूस आपल्याच गाडीत खोट काढत होता! मी काकांच्या पाठीमागून साहेबांना हात जोडून खुणावत होतो की जा, जा बाबा. पण साहेब वाकले. नळीचा क्लिप खरंच ढिला निघाला. साहेबांनी काकांशी हात मिळवला आणि पुढच्या गाडीकडे निघाले, तर काका त्यांच्या मागोमाग! दोन गाड्या तपासूनच परत आले.

*

आता शेवटचा. आजही आठवलं की माझे कान गरम होतात.

प्रत्येक टीमचा एक माणूस आग विझवायचा सिलिंडर धरून उभा पाहिजे, असा नियम. आम्हाला माणूस कमी पडला, म्हणून काकूंचं नाव दिलं. त्या म्हणाल्या, "शेवटचंच आहे तर डोळ्यांनी बघते." साडीवर ओव्हरऑल चढवलं, पायात नातवाचे बूट, हातात सिलिंडर. सकाळी दहापासून जागच्या हलल्या नाहीत.

गाडी काय पळाली राव! पाच तास झाले, तापमानाचा काटा जागेवर. काका दर फेरीला पुटपुटत होते, "चाल बाई, चाल." चारला झेंडा. साडेतीनच्या जरा आधी शेवटचं थांबणं; तीन मिनिटांत परत ट्रॅकवर गेली नाही तर गाडी बाद. दुसरा ड्रायव्हर, आयटीतला निखिल, उतरला आणि तोंडावर ओला टॉवेल टाकून आडवा झाला. सोपान आत बसला. पुढचं एक चाक झिजलं होतं. मी जॅक लावला, सुषमानं जुनं काढलं, काकांनी नवं दिलं, मी नट हातानं बसवले आणि आवळायला गन उचलली.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजला. साडेतीन!

आता कसं सांगू? आमची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. भोंगा झाला की हातातलं खाली ठेवायचं आणि नळावर जायचं. वर्षानुवर्षं हेच. तिथं डोकं लागत नाही, पाय आपोआप निघतात.

मी गन खाली ठेवली. सुषमानं हातमोजे काढले. काकांनी पेन खिशाला लावलं. आणि आम्ही तिघं ओळीनं नळाकडे निघालो!

आणि सोपान? भोंगा झाला की बस चालू ठेवून माणसं चढायची वाट बघायची, हे त्याचं काम. तो आरशात बघत शांत बसून राहिला.

हाताला साबण लावला आणि काकांचा हात थांबला. "अरे, आपण..." आम्ही वळलो तेव्हा काकूंनी सिलिंडर खाली ठेवला होता. त्यांच्या हातात गन होती. दोन महिने अंगणात आमचा चाक बदलायचा सराव चालायचा तो त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या, एवढंच त्यांचं शिक्षण. पण चारही नट समोरासमोरचे धरून बरोबर आवळले, जॅक उतरवला आणि टपावर थाप मारली.

आतून सोपान म्हणाला, "समदी चढली का?"

"चढली! नीघ!"

गाडी निघाली. सिलिंडर सोडला म्हणून आम्हाला तीस सेकंदांचा दंड झाला. होऊ दे! चारला झेंडा पडला आणि आमची दोन रंगांची गाडी त्याच्याखालून गेली. चालत होती! काका रडले, सुषमा रडली, मीही रडलो, आणि तिघांच्याही हाताला साबण तसाच.

शांत झाल्यावर काकू डबे उघडून बसल्या. मला राहवेना.

"काकू, तुम्ही नुसत्या उभ्या राहिला असता तरी तुमच्या मनासारखं झालं असतं. गाडी गेलीच असती भंगारात. मग गन कशाला उचललीत?"

काकूंनी माझ्या हातावर चपाती ठेवली.

"तुमची शिफ्ट सुटली होती. माझी कधी सुटलीय?"