वाइंडरबाईंनी परसदार राखलं

वाइंडरबाईंना नावाने हाक मारणारं गल्लीत कुणी नाही, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नाही. ही पदवी फुकटात मिळालेली नाही. पंपाच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली. त्यातली पहिली बारा वर्षं हजेरीपुस्तकात त्यांच्यापुढे ‘मदतनीस’ असं लिहिलेलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस, जो त्यांच्याच हाताखाली काम शिकला, तो मात्र ‘वाइंडर’. बाईंनी अर्ज केले, साहेबाच्या दारात ठिय्या दिला. शेवटी एका सकाळी सही करायलाच नकार दिला. “मदतनीस कोण आहे ते शोधून आणा, ती करेल सही.” साहेबाने हात टेकले.

ती एकतीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. तारेवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद, आणि नाकात कायम व्हार्निश. म्हणून निवृत्तीनंतर घर बघायला गेल्या तेव्हा बाईंनी खोल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, थेट मागचं दार उघडलं. मागे जमिनीची लांबट पट्टी, कोपऱ्यात लिंबाचं झाड आणि तीन बाजूंनी मेंदीचं कुंपण. “हेच घ्यायचं,” म्हणाल्या.

आता त्याच पट्टीवर काँक्रीट पडणार होतं.

मुलालाही दोष देता येत नव्हता. घरात पेट्रोलचं गवत कापायचं यंत्र होतं, पण ते दोरी ओढून चालू करावं लागे. चार-पाच हिसके दिल्याशिवाय त्याला जाग येत नसे. बाईंचा उजवा खांदा कारखान्यातच झिजला होता, तो हिसका त्यांच्याच्याने होत नव्हता. मुलाला नवी नोकरी लांब लागली, जाण्यायेण्यातच दिवस सरू लागला आणि गवत गुडघ्याला आलं. मग एका सकाळी नळाजवळ सापाची कात सापडली. नात नुकतीच पावलं टाकायला शिकली होती.

“आई, काँक्रीट टाकू आणि मोकळे होऊ,” मुलगा म्हणाला. “रविवारी बारा वाजता कंत्राटदार मापं घ्यायला येतोय.”

“आणि मी कापलं तर?”

“तुझा हात वरच्या फळीपर्यंत जात नाही. डबा काढायला हिला हाक मारतेस.”

“विचारलं त्याचं उत्तर दे.”

मुलगा आईला ओळखून होता. “एकटीने. गवत, कुंपण, सगळं बाराच्या आत. झालं तर त्याला दारातूनच परत पाठवतो. पण हे दर पंधरा दिवसांनी जमलं पाहिजे. एक दिवस मर्दुमकी गाजवून भागणार नाही.”

“मर्दुमकी तुझ्यापाशी ठेव. मला यंत्र पाहिजे.”

शुक्रवारी सुनेच्या स्कूटरवर मागे बसून बाई दुकानात गेल्या. विक्रेत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बॅटरीवर चालणारं एक चिमुकलं, फिकट जांभळं यंत्र पुढे सरकवलं. “काकू, हे घ्या. हलकं आहे, बायकांसाठीच काढलंय.”

“बायका याने काय कापतात? केस?”

सून तोंड फिरवून हसली. विक्रेता दुसऱ्या टोकाला गेला आणि छाताडाएवढं धूड उचलून आणलं. “मग हे बघा. सगळ्यात जास्त व्होल्ट. याच्यापुढे काही नाही.”

“व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. टाकीत पाणी किती ते सांग.”

“म्हणजे?”

“अँपिअर-अवर किती? बॅटरीवर लिहिलेलं असतं, वाच.” त्याने वाचलं. जोर भरपूर आणि टाकी आटलेली. बाईंनी मान हलवली. “मोटर कार्बन ब्रशवाली का बिनब्रशची? ब्रश घासून झिजतात.”

विक्रेत्याने आत जाऊन मालकाला बोलावून आणलं.

मालक आल्यावर खरी खरेदी सुरू झाली. बाईंनी चार यंत्रं काउंटरवर ओळीने मांडायला लावली, प्रत्येकात बॅटरी बसवायला लावली, कारण बॅटरीशिवाय वजन बघणं म्हणजे नवऱ्याशिवाय वरात बघणं. मग एकेका यंत्राचा दांडा त्यांनी एका बोटावर तोलून धरला. कारखान्यात मोटारीचा फिरता भाग असाच तोलून बघत. ज्याचं तोंड खाली जातं ते खांदा खातं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तिसऱ्याचा तोल नेमका मुठीशी आला. ते उचलून त्या दहा मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

“आजी, बसता का?” मालकाने शेवटी विचारलं.

“बसून गवत कापतात का कुठे?”

तेच घेतलं. गवतासाठी ट्रिमर, आणि त्याच बॅटरीवर चालणारी कुंपणाची कात्री. मधल्या व्होल्टची, भरल्या टाकीची, बिनब्रशची.

रविवारी सातला बाईंनी चपला काढून मुलाचे जुने बूट चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला आणि बटण दाबलं. ना हिसका, ना धूर. खांदा ताजा होता तोवर कुंपण उरकलं. मग गवतात शिरल्या. गुडघाभर गवतात ट्रिमर पूर्ण दाबून, मुळापासून. मधूनमधून सवयीने मोटारीच्या अंगावर तळवा टेकवत होत्या. गार. म्हणजे बिनधास्त हाणायचं. साडेनऊला अर्धं परसदार साफ झालं आणि यंत्र एकदम मुकं झालं.

बॅटरी चार्जरवर लावली तर लाल दिवा लुकलुकायला लागला. चार्ज होईना.

मुलगा दारात चहा घेऊन उभा. त्याने घड्याळाकडे बघितलं.

“आई, फ्रीजमध्ये ठेवू का?” सुनेने विचारलं.

“नको. आत दमट होईल आणि कायमची जाईल.” बाईंनी बॅटरी हातात घेतली आणि चटका बसल्यासारखी दुसऱ्या हातात घेतली. तेव्हा त्यांना आपली चूक कळली, आणि अशी चूक फक्त वाइंडरच करू शकतो. एकतीस वर्षं त्यांनी मोटारीला हात लावून ताप पाहिला होता. तिथे वीज भिंतीतून यायची, आणि भिंत कधी थकत नाही. इथे मोटर सावलीत बसल्यासारखी गार होती, उपसा सगळा बॅटरीचा चालला होता, आणि तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही. तिच्या अंगाला हात लावायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मला मूर्ख म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घे,” त्या मुलाला म्हणाल्या. “बारानंतर संधी मिळायची नाही.”

स्वयंपाकघरातल्या फरशीवर, पंख्याखाली, बॅटरी ठेवली. बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. बसवत नव्हतं. उठून दोनदा दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पण तापलेल्या वस्तूला घाई केली की ती सूड घेते, हे त्यांनी शेकडो पोरींना शिकवलं होतं. सव्वादहाला बॅटरी गालाला लावून पाहिली. गार. चार्जरवर लावली, आणि हिरवा दिवा स्थिर पेटला. अकराला बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी तीन पेटले. पुरे.

या वेळी त्यांनी गवताशी मारामारी केली नाही. बटण अर्धं दाबलं, आधी वरचं अर्धं उडवलं, मग परत फिरून खालचं. दर दहा पावलांनी थांबून बॅटरीच्या अंगाला हात. काम हळू वाटत होतं आणि भराभर सरत होतं. लिंबाभोवतीचं गवत, नळाजवळचं, भिंतीच्या कडेचं. बारा वाजायला सात मिनिटं असताना शेवटची कड साफ झाली.

कंत्राटदार टेप उघडतच आत आला. “मापं घ्यायची ना?”

“घ्या की,” बाई म्हणाल्या. “गवताची उंची घ्या.”

मुलगा नळाजवळ गेला, वाकला, जमिनीवर हात फिरवला. कुंपणाच्या बुडापर्यंत सगळं उघडं, मोकळं, सापाला लपायला जागा नाही. सुनेच्या कडेवरून नातीला घेऊन खाली सोडलं. ती चार पावलं चालली आणि गवतावर बसली. “काँक्रीट नको,” तो कंत्राटदाराला म्हणाला. “तुम्हाला उगाच त्रास झाला.” मग आईकडे न बघता पुढे म्हणाला, “पंधरा दिवसांनी बघू.”

“बघच,” बाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मुलगा उठून दात घासतोय तोवर बाई निम्म्यावर आल्या होत्या. घोट्याएवढ्या गवताला कितीसा वेळ लागणार. दहाच्या आत परसदार झालं, कुंपण झालं, आणि बॅटरीचे दोन दिवे अजून पेटलेले होते. बाई फाटक उघडून बाहेर पडल्या आणि शेजाऱ्याच्या दारासमोरचं रान कापायला लागल्या. शेजारी धावत बाहेर आला.

“अहो वाइंडरबाई, आमचं कशाला करताय?”

“चार्ज उरलाय,” बाई म्हणाल्या. “बाजूला व्हा, पायाला लागेल.”