रिकामी चौकट

गावात त्यांना सगळे 'साडेआठ' म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नळ्या धुण्यात त्यांचा जन्म गेला, पण हे नाव मिळालं ते घरामागच्या अंगणामुळे. तिथे जमिनीत रोवलेलं पर्जन्यमापक होतं, वर पत्र्याचं नरसाळं, आत काचेची बाटली. शेजारी चार पायांवर झडपांची पांढरी पेटी, तिच्यात तापमापक. हवामान कार्यालयाने हा संसार त्यांच्या स्वाधीन केला त्याला तीस वर्षं व्हायला अठरा दिवस कमी होते.

रोज सकाळी ठीक साडेआठला ते अंगणात उतरत. बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतत, गुडघ्यावर बसून ते डोळ्यांच्या पातळीला धरत आणि आकडा तक्त्यात लिहीत. मग बाटली नळाखाली विसळून पुन्हा जागेवर. महिनाअखेरीस तक्ता टपालाने जायचा. तो पुढे कोण वाचतं, वाचतं की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

या साडेआठपायी बायकोचं अर्धं आयुष्य दावणीला बांधलं गेलं होतं. बहिणीच्या घरच्या तिन्ही लग्नांना ती एकटीच गेली. नवरा रुसला आहे का, असं तिथे बायका हळूच विचारत. तो पावसाची वाट बघत बसला आहे, हे सांगायची तिला लाज वाटे. एकदा चिडून ती म्हणालीसुद्धा, की तुम्ही दोन दिवस नसलात तर ढग काय अडून बसणार आहेत का. ते म्हणाले, ढग नाही अडणार, तक्ता अडेल.

तक्त्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. बघितलंच नाही तर चौकट रिकामी ठेवायची. लेक लहान असताना उन्हाळ्यात एकदा म्हणाली, रोज शून्यच लिहायचंय तर महिन्याची सगळी शून्यं आजच काढून टाका ना, बाबा. दोन दिवस ते तिच्याशी धड बोलले नाहीत. पोर सात वर्षांची होती, पण या माणसाला एवढ्या एका गोष्टीत गंमत म्हणून कळत नसे.

आणि आता पत्र आलं होतं. तीस वर्षांच्या अखंड नोंदींबद्दल कार्यालयातर्फे सत्कार, पितळी मानचिन्ह, व्यासपीठावर बसायला खुर्ची. पत्रात 'सपत्नीक' असा शब्द होता. तो शब्द बायकोने तीन वेळा वाचला. चौथ्यांदा चष्मा पुसून वाचला. म्हणजे तिन्ही लग्नांना एकटी गेल्याचा कुठेतरी हिशेब लागत होता. लेकीने रजा टाकली, आईला साडी घेतली, वडिलांना कोट शिवायला लावला. कोट मापाला घट्ट झाला तेव्हा ते शिंप्यालाच म्हणाले, माप आकड्यात आहे की अंदाजाने घेतलंय?

त्या सकाळी बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. आदल्या संध्याकाळी चांगली सर येऊन गेली होती. तीस वर्षांत अंगणातले आवाज तिच्या कानात बसले होते: आधी बाटली मोजपात्राला टेकल्याची किणकिण, मग नळ. ते पुटपुटत होते, "सन्माननीय पाहुणे आणि..." भाषण पाठ चाललं होतं. आणि तिला नळ ऐकू आला. किणकिण झालीच नव्हती.

पुटपुटणं मध्येच थांबलं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली. खिडकीतून ते पाठमोरे दिसत होते. विसळलेली बाटली हातात, पायाशी ओलं. भाषणाच्या नादात त्यांनी मोजण्याआधीच पाणी ओतून दिलं होतं. कुंपणापलीकडे चिटपाखरू नव्हतं. ती खिडकीपासून बाजूला सरकली, त्यांना आपण दिसू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर मनात म्हणाली, लिहा हो पाच, कोण बघतंय.

ते टेबलाशी बराच वेळ पेन उघडून बसले होते. ते आंघोळीला गेल्यावर तिने तक्ता पाहिला. पावसाची चौकट रिकामी होती. शेराच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: मोजण्यापूर्वी पाणी सांडले. चूक निरीक्षकाची. खाली सही.

दुपारी त्यांनी स्वतःच कार्यालयात फोन करून सांगितलं. तिकडचा साहेब भला माणूस होता, त्याला वाईट वाटलं. पण नियमात शब्द 'अखंड' असा होता. लेकीने फोनवर समजावून पाहिलं, की शेजारच्या केंद्रावर किती पडला ते विचारून लिहा, उन्नीस-बीस इकडेतिकडे. ते म्हणाले, तिकडचा पाऊस तिकडे पडला. लेक रडकुंडीला आली. त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि कोट खुंटीवरून काढून कपाटात, मागच्या बाजूला टांगला. त्यांचे डोळे ओलावलेले तिने पाहिले. माणूस दगड नव्हता. त्यालाही ती खुर्ची हवी होती.

तिला भाजी परतताना, कपडे घडी करताना चैन पडेना. पोटात बारा वर्षं दडवलेलं वर येत होतं. संध्याकाळी ती माळ्यावरची ट्रंक काढून बसली. सगळ्या तक्त्यांच्या कार्बन प्रती त्यांनी वर्षवार लावून ठेवल्या होत्या. हवा तो कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला.

"यातला चौदा तारखेचा आकडा खोटा आहे," ती म्हणाली.

त्या वर्षी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. अकरा दिवस नोंदी तिने घेतल्या, त्यांनी कागदावर लिहून दिल्याबरहुकूम. चौदा तारखेला त्यांना ताप चढला म्हणून ती सकाळीच दवाखान्यात गेली आणि अंगणाची आठवण झाली ती दुपारी. सकाळपासून संततधार चाललेली, बाटली काठोकाठ भरलेली. त्यातलं साडेआठपर्यंतचं किती हे कोण सांगणार?

"मग तीन पूर्णांक चार कुठून आणलंस?"

"डोक्यातून. नुसतं तीन लिहिलं तर खोटं वाटेल म्हणून वर चार लावले."

घरी आल्यावर ते सगळे आकडे तपासून त्यांनी तिला शाबासकी दिली होती. माझ्यापेक्षा नीटनेटकं काम आहे तुझं, असं चार लोकांत सांगितलं होतं. ती शाबासकी बारा वर्षं तिला टोचत होती.

त्यांनी चौदा तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं. आता रागावतील, असं तिला वाटलं; रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे सत्कार झाला असता तर खोट्यावर झाला असता," ते म्हणाले. मग उठून लाल पेन घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवलं. "ज्याने लिहिलं त्याने खोडायचं. तुझी सही लागेल."

तिने तीन पूर्णांक चारवर रेघ मारली. शेजारी लिहिलं: मोजले नाही. सही केली. कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र त्यांनी लिहिलं आणि त्यावर दोघांनी सह्या केल्या. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होतं. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी ते दारात थांबले. "येतेस का गं?"

ती हात पुसत अंगणात गेली. त्यांनी नरसाळं उचललं, बाटली काढून तिच्या हातात दिली. तिने ती मोजपात्रावर उपडी केली तर थेंबही पडला नाही. तरी ती गुडघ्यावर बसली, मोजपात्र डोळ्यांच्या पातळीला धरलं आणि नीट निरखून पाहिलं.

"शून्य," ती म्हणाली.

"नक्की?"

"मी बघितलंय."

त्यांनी तक्ता तिच्यापुढे धरला, आणि रिकाम्या चौकटीखालच्या चौकटीत तिने शून्य लिहिलं.