गाज उतरवा, काका!

सुमतीताई, आमच्या नाटक मंडळाच्या चिटणीस, हात धुऊन मागे लागल्या. "काका, मंडळाच्या अंकात तुमचे किस्से हवेतच." मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. जन्म गेला लाउडस्पीकरचे कर्णे बांधण्यात, आणि आता म्हणे लिहा! बोलायला बसवा की, लिहायला कशाला? पण किस्से म्हणजे माशाची खवलं. सगळी झाडून टाकली म्हणावं, तर कोपराला एक चिकटलेलं सापडतंच.

तर घ्या.

*

आमचं नाटक समुद्रावर गेलेल्या खलाशाच्या बायकोचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे समुद्राची गाज. ती कधी चढवायची, कधी उतरवायची, हे माझं काम. पूर्वी टेप होता, बटण फिरवलं की झालं. मग दिग्दर्शक प्रकाशने लॅपटॉप आणला आणि सोबत एक छोटी पेटी. पेटीवर वरखाली सरकणाऱ्या खुंट्या.

"काका, खुंटी ओढली की पेटी लॅपटॉपला मेसेज पाठवते, आवाज कमी कर. मग लॅपटॉप कमी करतो."

"म्हणजे मी पेटीला सांगायचं, पेटीने लॅपटॉपला सांगायचं? ग्रामपंचायत आहे काय?"

सगळे हसले. प्रकाश नाही हसला. म्हणाला, "लॅपटॉप हे आपोआप पण करू शकतो, काका. एक चूक झाली ना, की मी तसंच लावणार. मग तुम्ही समोर बसून नाटक बघायचं!"

तेव्हापासून प्रयोगाआधी प्रत्येक खुंटी दहादा सरकवून बघतो.

*

तालीम चालू होती. खलाशाचा म्हातारा बाप मरतो तो प्रसंग. प्रकाश अंधारातून ओरडला, "गाज फार होतेय! मेसेज पाठवा, मेसेज!"

मी खुंटीला हात घालतोय, तेवढ्यात बापाचं काम करणाऱ्या बाळूशेठनी, मेलेल्या अवस्थेत, कनवटीचा फोन काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "आवाज कमी." सगळ्या विंगांमधून टिंग, टिंग, टिंग!

प्रकाश किंचाळला, "बाळूशेठ, तुम्ही मेलायत!"

"मेलो म्हणून काय झालं? रेंज हाय!"

*

रेवदंड्याच्या प्रयोगाला प्रकाश समोरच्या विंगेत उभा. हात हलवून दबक्या आवाजात सांगतोय, "खाली, खाली!" पडद्याच्या दोरीवर आमचा हिरू, होडीवरचा गडी, दोरीला पक्का.

मी गाज खाली घेतली. हिरूने पडदा खाली घेतला! नवरा आत, बायको बाहेर. बायकोचं काम करणारी मंदा पडद्याच्या पुढे एकटीच, तोंड उघडं. लोकांना वाटलं मध्यंतर. टाळ्या वाजवून चहाला गेले!

प्रकाश धावत माझ्याकडेच. "काका!"

"मला काय बोलतोस? माझं खाली बरोबर होतं."

मागून हिरू, "माझं पण खालीच व्हतं!"

त्या दिवसापासून पडदा पाडायचा, गाज उतरवायची. "खाली" शब्द मंडळात बंद.

*

दिवेआगरला नारळाच्या वाडीत प्रयोग, समुद्र हाकेच्या अंतरावर. ऐन रंगात भरती आली. मी गाज चढवतोय, तिकडे तोही चढतोय! खुंटी पार टोकाला गेली. पुढे बसलेल्या आजी माझ्या विंगेकडे वळून म्हणाल्या, "अरे बाबा, तुजा समुद्र बंद कर की! फुकटचा चाललाय त्यो काय वाईट हाय?"

केला बंद. शेवटपर्यंत हात बांधून बसलो. प्रयोगानंतर प्रकाश म्हणतो, "काका, आज पहिल्यांदा गाज खरी वाटली!"

मी म्हटलं, "मेसेज चांगला गेला."

*

उरणला बंद हॉल. बाहेर बंदराच्या कंटेनर-ट्रेलरची रांग, आत खुर्च्या भरलेल्या. मंदाचा घसा सकाळपासून बसलेला. गरम पाणी घेत माझ्याकडे आली. "काका, शेवटच्या बोलण्याला गाज पार उतरवा हां. नायतर मी कोणालाच ऐकू जाणार न्हाय."

"पोरी, तू बोल. समुद्र माझ्याकडे लागला."

शेवटचा प्रसंग. मध्यंतरानंतर खुंटीला हात लागतो तो इथेच. नवऱ्याची होडी आलेली नाही, मंदा समुद्राकडे तोंड करून उभी. ती बोलायला लागली, मी खुंटी ओढली. गाज तशीच! परत ओढली. तशीच! मंदाचे ओठ हलतायत, शब्द नाही. मागून कोणीतरी, "आवाज!" अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा तर मंदाचा माइकही त्याच्यावरच. लॅपटॉपवर कुठे काय दाबायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. समोरच्या विंगेत बघतो तर प्रकाश फोनमध्ये मान घालून काहीतरी लिहितोय!

अंधारात पेटीची वायर चाचपत गेलो. टोक हातात आलं, मोकळं! लॅपटॉपच्या भोकात भलतीच पांढरी वायर. ती उपटली, माझी खुपसली.

मंदा बोलायची थांबली होती. एकदम पाय आपटला तिने, आणि त्या फाटक्या घशाने समुद्रावर ओरडली, "गप रे मेल्या! बोलू दे मला!"

खुंटी ओढली. मेसेज गेला. समुद्र गप्प!

पुढचं सगळं मंदा कुजबुजत बोलली आणि ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. पडदा पडला तरी माणसं उठेनात.

घाम पुसून फोन बघितला. ग्रुपवर प्रकाशचा मेसेज, प्रयोग चालू असतानाचा. "म्हातारा झोपला! पुढच्या वेळेपासून आपोआप." सगळ्यांनी वाचलेला.

थोड्या वेळाने त्याचाच दुसरा आला. "मध्यंतरात लॅपटॉपला फोन चार्जिंगला लावला होता. माझी पांढरी वायर कोणाला सापडली का?"

सापडली आहे. माझ्या घरी भिंतीच्या खुंटीला टांगली आहे. ज्याची आहे त्याने ग्रुपवर नाही, दारात येऊन मागावी. आधी माफी, मग वायर. अजून आलेला नाही, प्रकाश.