सप्टेंबरातली सभा

लोबानाचा वास आला की मस्कतच्या कुरुम भागातला तो हॉल आठवतो. पुण्यात सहकारी गृहसंस्था काढायची म्हणून आम्ही मस्कतमधली काही मराठी कुटुंबं जमलो होतो. पुढाकार घेणारे गृहस्थ लोबान जाळून, कहवा पाजत उपविधी, म्हणजे संस्थेचे नियम, भराभर वाचत होते. वार्षिक सभा पुण्यात, सप्टेंबरात, हे ऐकून मी त्यांना थांबवलं. "तेव्हा मुलांच्या शाळा असतात. आपण सगळे सुटीवर जुलैत जातो. सभेला येणार कोण?" पुण्यात राहणारे सभासद म्हणजे त्यांचेच भाऊ आणि मेहुणे. गृहस्थ गोड हसले. "वहिनी, सभा कधी, कुठे, हे उपविधीत हवं असा कायदा आहे. लिहिलंय ना? यल्ला, चला, सह्या करा." नवरा पुटपुटला, "किती संशय घेशील!" आणि त्यानं सही केली. हल्ली कुणी लोबान पेटवला, की मला वाटतं, एवढा धूर कशासाठी?