सगळे दिवे हिरवे

थंडोबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लावायचा नाही. उठून बायकोला गोळी आणि कोमट पाणी द्यायचं, डबा भरायचा आणि सायकल काढायची. थंडोबा हे नाव आम्ही ठेवलेलं. काम गार पाण्याच्या पाइपांचं आणि माणूस कधी तापायचा नाही. फोरमन अंगावर ओरडत असला तरी हा शांतपणे पाना पुसत उभा.

आमची इमारत म्हणजे माहितीचं गोदाम. कपाटाएवढी यंत्रं रांगेने उभी आणि त्यांत दवाखान्यांचे रिपोर्ट, जमिनींचे नकाशे, शाळांचे निकाल. याला क्लाउड म्हणतात, ढग. थंडोबाला हसू यायचं. म्हणायचा, "हा ढग मी खांद्यावरून चढवलाय." खोटं नव्हतं. लिफ्ट बसायच्या आधी एकेक कपाट आम्ही जिन्याने वर नेलं. दोर मनगटाला गुंडाळायचा, पायरीवर टेकायचं, सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा, मग पुढची पायरी. एकाने घाई केली की दुसऱ्याचं बोट गेलंच. थंडोबाच्या करंगळीला नख नाही ते तेव्हापासून.

ही इमारत उभी राहिली कायद्यामुळे. लोकांची माहिती देशाबाहेर ठेवायची नाही, असं ठरलं. दारावर मोठी पितळी पाटी आली, 'आपली माहिती, आपल्या भूमीवर'. ती आम्हीच बसवली. भोकं थंडोबाने पाडली. शिडीवरून उतरून दोन पावलं मागे गेला, पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, "आता कोणाच्या बापाला हलवता यायची नाही."

त्याच्या बायकोच्या हृदयाचं दुखणं जुनं. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. त्याआधी तपासणी झाली. मनगटातून बारीक नळी घालून थेट हृदयापर्यंत नेतात आणि रक्तवाहिन्यांची चित्रं काढतात. वहिनी त्या नळीला फार भ्यायल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "छाती फाडा हवी तर, पण ती नळी परत नको." थंडोबाने शब्द दिला. एकदाच असते ती, परत नाही.

ऑपरेशनच्या दिवशीही तो कामावर आला. यंत्रं तापून बंद पडू नयेत म्हणून पंप सतत गार पाणी फिरवतात; चालता पंप थांबवून शेजारचा सुरू करायची त्याची पाळी होती आणि हे काम तो दुसऱ्याला देत नसे. मी म्हणालो, "आजच्या दिवस तरी घरी बसायचं होतंस. पंप काय, मीही फिरवला असता."

"तुझा फिरवलेला पंप मला परत फिरवावा लागतो," तो म्हणाला. "उरकतो नि जातो. पोरगी आहे तिच्याजवळ. दहाला आत घेणार आहेत."

त्याने झडप सावकाश बंद केली, दुसरी उघडली आणि पाइपवर तळहात ठेवून उभा राहिला. पाण्याचा जोर एकसारखा होईपर्यंत तो हात काढत नसे. तेवढ्यात फोन वाजला. मुलगी होती. आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, ऑपरेशन थांबवलंय. आईची चित्रंच उघडत नाहीयेत. कुणाचीच उघडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, तुमच्याच इमारतीत काहीतरी झालंय."

थंडोबाने फोन खिशात घातला आणि पंपाकडे बघितलं. मग तो धावत सुटला. इतक्या वर्षांत मी त्याला धावताना पाहिलं नव्हतं.

इंजिनिअर मॅडम पडद्यासमोर उभ्या होत्या. हा दारातूनच बोलायला लागला, "मॅडम, माझ्याच हातून झालं. आत्ताच पंप बदलला. मला काढून टाका, पण आधी ते चालू करा. माझी बायको टेबलावर आहे."

"काका, तुमचं काही चुकलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "यंत्रं गार आहेत. सगळे दिवे हिरवे आहेत."

"मग चित्रं कुठं गेली?"

"कुठंच गेली नाहीत. ती काय, तिथंच आहेत." त्यांनी काचेपलीकडच्या रांगेकडे बोट केलं.

"मग काढा की!"

"ती कुलूपबंद असतात, काका. किल्ली ही सेवा चालवणाऱ्या कंपनीकडे. कंपनी परदेशातली. तिच्या सरकारने हुकूम काढला, की आपल्या देशाला द्यायची सेवा बंद. आज सकाळी त्यांनी तिथून किल्ली फिरवली."

थंडोबाला ते समजेना. त्याने कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून पुढे धरला. "चाव्या तर या इथं आहेत. मुख्य दाराची, आतल्या खोलीची, सगळ्या."

खरं सांगायचं तर माझंही डोकं तिथंच अडकलं होतं. जमीन आपली, भिंती आपल्या, पाटी आपण ठोकलेली, दाराला कुलूप आपण लावतो. मग आतलं दुसऱ्या कोणाचं कसं?

"कपाटच नेऊ दवाखान्यात," थंडोबा म्हणाला. "चढवलं आम्ही, उतरवू आम्हीच. माणसं गोळा कर रे."

तो माझ्याशी बोलत होता. आणि मी खरंच दोर आणायला वळलो.

"नेलंत तरी उघडणार नाही, काका," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी सकाळपासून कंपनीला कितीतरी फोन लावले होते. पलीकडून कोणी उचलत नव्हतं.

थंडोबा काचेला पाठ लावून जमिनीवर बसला. खालून पंपाचा आवाज येत होता, एकसारखा, जसा यायला हवा तसा. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "चूक माझी असती तर बरं झालं असतं. मी नीट केली असती."

दवाखान्यात मी त्याच्याबरोबर गेलो. डॉक्टर स्पष्ट बोलले. चित्र बघितल्याशिवाय छाती उघडणार नाही, आणि वाट बघायला वेळ नाही. तपासणी पुन्हा करा. पण इथलं यंत्र चित्रं पाठवतं ती त्याच कुलपाआड, म्हणून बाहेर खाजगीत करा, ते हातात देतात.

वहिनींना सांगायचं काम त्याचंच होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मनगटावरचा काळानिळा डाग अजून गेला नव्हता.

"उघडत नाहीत म्हणजे काय? तुम्ही तर तिथंच कामाला आहात ना?"

"हो," तो म्हणाला.

"रोज जाता ना?"

"रोज."

वहिनींनी दुसरा हात चादरीबाहेर काढून ठेवला.

ऑपरेशन झालं, वहिनी वाचल्या. पुढे काही दिवसांनी दोन सरकारांचं काय ते मिटलं आणि चित्रं उघडायला लागली. ती कशी बंद झाली आणि कशी उघडली, हे आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही. पाटी आहे तिथंच आहे.

थंडोबा घरावर एक खोली चढवणार होता. ओव्हरटाइमचा पैसा त्याने त्यासाठी बाजूला ठेवला होता. खांबांच्या सळया गच्चीवर वर आलेल्या होत्या, तशाच गंजल्या. वहिनी आता त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात. खोलीचा पैसा खाजगी तपासणीत गेला. जी चित्रं त्याच्याच इमारतीत, त्यानेच गार ठेवलेल्या कपाटात पडून होती, तीच त्याने दुसऱ्यांदा विकत घेतली, बायकोच्या दुसऱ्या मनगटातून.